मखमलआत्या आणि हळदीचे बोट

एका जंगलात, मुलांनो, गवत खूप होते आणि त्या गवतात गिनिपिगांची एक वस्ती होती. गिनिपिग आपल्याकडच्या जंगलात कुठून आले, असे विचारू नका. कथेत आले, म्हणून आले. नावात पिग असले तरी डुकराशी त्यांचे काही नाते नव्हते. लठ्ठ, केसाळ, शेपूट नसलेले असे ते प्राणी. भूक लागली की ओरडायचे आणि पोट भरले की झोपायचे. तुमच्या वर्गातही असे दोन-चार असतील.

त्यांच्याकडे एकच उद्योग जोरात चाले, तो म्हणजे पिल्ले होणे. आज या बिळात तीन, उद्या शेजारच्या बिळात चार. आणि पिल्लेही कशी? जन्मतानाच अंगभर केस, डोळे उघडे, तोंडात दात. सकाळी जन्मलेले पिल्लू संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन येई. दुसऱ्या दिवशी गवत कुरतडू लागे. महिना व्हायच्या आत ते स्वतःच आई किंवा बाप व्हायला तयार होई. अक्कल येईपर्यंत थांबायची पद्धत त्यांच्यात नव्हती.

त्यामुळे गवत संपत आले. गवत संपत आले तशी हरणे दुसऱ्या जंगलात जायला निघाली. आणि हरणे निघाली तेव्हा राजाला गवताचा फार कळवळा आला.

राजा सिंहच होता. त्याचे नाव दयाघन होते, कारण ते त्याच्या आत्याने ठेवले होते. त्याने दरबार भरवला आणि हुकूम काढला, "टेकडीच्या अलीकडे गिनिपिगांच्या माद्या राहतील, पलीकडे नर राहतील. मधे काट्यांचं कुंपण. मुलगा झाला, तर तिसरा आठवडा लागला की त्याची रवानगी पलीकडे. आता बघू कशी पिल्लं होतात ती!"

हुकूम शहाणपणाचा होता. तो दयाघनाच्या डोक्यातून कसा निघाला, याचे सगळ्यांना नवल वाटले. कुंपणाचे काम साळिंदररावांना मिळाले, कारण काटे त्यांचे घरचेच होते.

या हुकुमाने सगळ्यात जास्त आनंद झाला तो दुलईला. दुलई ही वस्तीतली एक आई. तिचा नवरा मऊराव. स्वभावाने चांगला, पण घरात असला की घरातच असायचा. गिनिपिगांच्या बाईला बाळंतपणाच्या दिवशीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, मुलांनो. दुलईला विश्रांती म्हणजे काय ते फक्त ऐकून माहीत होते. कुंपण पडले तेव्हा ती पोटुशीच होती. मऊराव पलीकडे गेला आणि यावेळचे बाळंतपण आटोपल्यावर तिने पाय पसरून झोप काढली. मऊरावावर तिचे प्रेम होतेच. कुंपणाच्या पलीकडून ते आणखी वाढले.

आता तुम्ही विचाराल, नर कोण आणि मादी कोण, हे ठरवायचे कोणी? शाबास. हा प्रश्न दरबारात कोणालाच पडला नव्हता.

बाळ पोटात असताना ते मुलगा की मुलगी हे बघायचे नाही, असा नियम तुमच्याकडे आहे आणि तो अगदी योग्य आहे. पण या जंगलात बाळ बाहेर आल्यावरसुद्धा बघायचे नाही, अशी रीत होती. बाळाला उताणे करून बघणे म्हणजे असभ्यपणा. तिथे सगळे आत्या ठरवायची. बाळ समोर आणले की आत्या त्याच्याकडे नीट निरखून बघे. आरडाओरडा करणारे, गवतावर आधी तुटून पडणारे, भावंडांना ढकलणारे दिसले की ती म्हणे, "मुलगा!" कोपऱ्यात बसलेले, लाजरे, पान तोंडात देईपर्यंत वाट बघणारे दिसले की म्हणे, "मुलगी!" मग बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगे, जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालत, आणि त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी त्यात बदल होत नसे.

वस्तीची मोठी आत्या होती मखमलआत्या. ती मऊरावाची थोरली बहीण, म्हणजे दुलईची नणंद. अंगावरचे केस भांग पाडल्यासारखे, चालणे संथ, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. आपला अंदाज आजवर चुकलेला नाही, असे ती स्वतःच सांगत असे. दुसऱ्या कोणी तपासलेच नव्हते, तेव्हा ते खरेही होते.

कुंपण पडून अडीच-तीन महिने झाले असतील. एके दिवशी दुलई कुंपणाजवळ चरत होती. पलीकडून मऊरावाची धावपळ ऐकू आली.

"अगं ए! ऐकतेस का? आपला मर्दानसिंग बाळंत झाला!"

दुलईच्या तोंडातले गवत खाली पडले. मर्दानसिंग हे तिचेच मागच्या खेपेचे पिल्लू. लहानपणी फार ओरडायचे, म्हणून आत्याने मुलगा ठरवून पलीकडे पाठवलेले. तेव्हा आत्यापुढे बोलायचा धीर दुलईला झाला नव्हता.

"किती झाली?" तिने विचारले.

"तीन. तिघंही खुशाल आहेत. मर्दानसिंग मात्र उठत नाहीये गं. अंगात त्राण नाही त्याच्या. इथले सगळे म्हणतात, हवा बाधली."

"अहो, ती मुलगी आहे!"

"कोण?"

"मर्दानसिंग!"

"असं कसं?" मऊराव म्हणाला. "ताईनं नाव ठेवलंय."

दुलईला रडूच आले. एवढेसे पोर, अजून स्वतःच अंगाने भरले नव्हते, त्याच्या पोटात तीन पोरे. चार-पाच दिवस मर्दानसिंग जगतो की जातो अशी स्थिती होती. मऊरावाने कोवळे गवत तोंडात भरवून भरवून त्याला कसेबसे उठवले. जीव वाचला, पण दुलईच्या काळजात जी धडकी भरली ती गेली नाही.

कारण तिच्याजवळ या खेपेची तीन पिल्ले होती. एक साधे, एक लाजरे आणि एक महाकर्कश. ते एक पिल्लू पहाटे असे किंचाळे की साळिंदररावांचे काटे उभे राहत. आत्याने त्याला बघताक्षणीच सांगून टाकले होते, "हा मुलगा! याचं नाव मी शूरसेन ठेवणार." आणि दुलईला पक्के ठाऊक होते की शूरसेन ही मुलगी आहे. आईच ती. जन्मल्याबरोबर तिने तिन्ही पिल्लांना डोक्यापासून पायापर्यंत आणि वरून खालून चाटून स्वच्छ केले होते. चाटताना सगळे दिसते. तिसरा आठवडा लागायला आला होता. बारसे झाले की शूरसेन पलीकडे जाणार होती, आणि मग तिचाही मर्दानसिंग होणार होता.

दुलई धीर करून आत्याकडे गेली.

"वन्सं, रागावू नका. पण आपला शूरसेन आहे ना, तो मुलगी आहे."

"कशावरून?"

"मी बघितलंय."

मखमलआत्याने कानांवर पंजे ठेवले. "बघितलंस? शी शी शी! बाळाला उताणं करून? वहिनी, माहेरी हेच शिकवलं का तुला?"

"चाटताना दिसतं हो, वन्सं."

"चाटताना डोळे मिटायचे! आम्ही नाही का कधी पोरं चाटली?" आत्या म्हणाली. खरे तर तिने एकही चाटले नव्हते. "काय तो आवाज, काय ती छाती! मुलगी अशी ओरडते का कधी?"

मग दुलई तडक राजाकडे गेली. तिथे दरबार भरलाच होता, कारण नरांच्या बाजूला आणखी दोघे पैलवान बाळंत झाले होते. साळिंदरराव आपले म्हणणे मांडत होते.

"महाराज, कुंपण ठेंगणं पडतंय. काहीतरी उडी मारून येतंय."

"उंच करा," राजा म्हणाला.

कुंपण उंच झाले. तासाभराने आणखी एक पैलवान बाळंत झाला. साळिंदरराव म्हणाले, "आता खालून येतंय." कुंपण खोल झाले. तरी पिल्ले झालीच. "आता वाऱ्यातून येतंय," साळिंदरराव म्हणाले, आणि कुंपणाला पाला बांधून ते इतके दाट केले की मुंग्यासुद्धा वळसा घालून जाऊ लागल्या. कुंपण जेवढे चांगले होई, तेवढी पिल्ले जास्त होत. इकडे माद्यांच्या बाजूलाही तोच प्रकार. तिथे लाजवंती नावाची एक फार शांत, फार लाजरी गिनिपिग होती. आत्याची लाडकी. ती जिच्या बिळात पाहुणी जाई, तिला दोन महिन्यांनी पिल्ले होत. सगळ्या म्हणत, लाजवंतीचा पायगुण चांगला.

दुलईने राजापुढे डोके टेकवले. "महाराज, कुंपण चांगलं आहे. पण कोणाला कुठे पाठवायचं तेच चुकतंय. एकदा उताणं करून बघायचा हुकूम द्या. पापणी मिटायच्या आत कळतं."

दयाघनाने इकडेतिकडे बघितले. मग खाली वाकून तो हळूच म्हणाला, "बाई, मी वाघाशी भांडेन. हत्तीशी भांडेन. आत्याबाईंच्या बारशात मला ओढू नकोस. माझं नाव बघतेस ना? दयाघन! शिकारीला निघालो की हरणं हसतात. मी काही करू शकलो का?"

दुलई परत आली. बारसे दोन दिवसांवर होते. शूरसेन तिच्या पोटाला पोट लावून, आपल्यावर काय वेळ येणार आहे याचा पत्ता नसल्याने, मजेत ओरडत होती. दुलईने तिला कुशीत ओढले. तिला मखमलआत्याचा राग आला, राजाचा आला, मऊरावाचा तर फारच आला. राग येऊन गेल्यावर तिने विचार केला. बघा म्हटले की हे सगळे डोळे मिटतात. मग बघा म्हणायचेच कशाला?

दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे गेली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "वन्सं, कालचं माझं चुकलंच. मी आले ते बारशाची तयारी विचारायला. बेंबीबोटाची हळद ओली घ्यायची की वाळलेली?"

"कशाची?"

"बेंबीबोटाची. आपल्या घराण्याची जुनी रीत नाही का ती? सासूबाई शेवटी शेवटी मला म्हणाल्या होत्या, हल्ली कोणी करत नाही, पण माझ्या मखमलला सगळं ठाऊक आहे."

मुलांनो, खोटे कधी बोलू नये. सासूबाई असे काही म्हणाल्या नव्हत्या. त्या फक्त 'गवत आणा' एवढेच म्हणत. पण मखमलआत्याची पंचाईत अशी झाली की आईने जे आपल्याला ठाऊक आहे म्हणून सांगितले, ते ठाऊक नाही असे भावजयीपुढे म्हणणार कसे?

"ओली," आत्या ठामपणे म्हणाली. "वाळलेली कधी घेतात का? इतकी वर्षं या घरात आहेस, एवढंही कळत नाही?"

"तेच म्हटलं, वन्संना विचारावं. म्हणजे मानाच्या आत्यानं बाळाला मांडीवर उताणं घ्यायचं, एक पंजा पाठीखाली, आणि हळदीचं बोट बेंबीच्या खाली, अगदी तळाशी, अलगद टेकवून हलकं दाबायचं. आणि म्हणायचं, 'आहे ते दिसो, कुळ सुखी असो.' बरोबर ना?"

"बरोबर," आत्या म्हणाली. "पण उताणं?"

"सासूबाई म्हणाल्या, हा मान फक्त आत्याचा. आईनं केलं तर पाप, आत्यानं केलं तर पुण्य."

हे आत्याला एकदम पटले.

बारशाला सगळी वस्ती लोटली. विसरलेली रीत पुन्हा सुरू होणार, म्हणून स्वतः राजा आला. साळिंदररावही आले आणि मधोमध बसले, तेव्हा त्यांच्या आजूबाजूची बरीच जागा रिकामी राहिली. पलीकडचे नर कुंपणाला कान लावून उभे राहिले. बाळे आपल्या पायांनीच चालत आली. मखमलआत्या पाटावर बसली, तिने रानहळदीत बोट बुडवले आणि पहिले पिल्लू मांडीवर उताणे घेतले. ते दुलईचे साधे, मध्यम स्वभावाचे पिल्लू होते आणि आत्याने त्याला मुलगा ठरवले होते.

"आहे ते दिसो, कुळ सुखी असो," आत्या म्हणाली आणि तिने बोट टेकवले. हलकेच दाबल्याबरोबर तिथून एक इवलासा कोंब डोकावला.

"कोंब आला! कोंब आला!" वस्तीत एकच गलका झाला. बायकांनी पंजे जोडले. हे सगळे आजवर झाकलेले होते, आणि आज हळदीच्या बोटाने प्रकट झाले. आत्याचा चेहरा तेजाने फुलला.

"आणा त्या शूरसेनाला!" ती म्हणाली.

शूरसेनला उताणे केले. तिने सवयीप्रमाणे मोठी किंकाळी फोडली. आत्याने हळदीचे बोट टेकवले, दाबले. काही डोकावले नाही. पायवाटेला फाटा फुटावा तशी एक बारीक रेघ तेवढी होती. आत्याने पुन्हा दाबले.

"जोरात दाबा, आत्याबाई," साळिंदरराव मागून म्हणाले. "अडकला असेल."

"नको हो, वन्सं!" दुलई पुढे झाली. "अलगदच. एवढासा जीव आहे."

आत्याने बोटाकडे बघितले. रेघेकडे बघितले. मग तिने दुलईकडे बघितले, आणि दुलई चटकन जमिनीकडे बघू लागली. राजाने घसा खाकरला. आता आत्या काय बोलते, यावर एका पोरीचा जीव टांगलेला होता.

"आश्चर्य काय करताय?" मखमलआत्या एकदम कडाडली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, ही मुलगी आहे! इतकी गुणाची पोर, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून मी मुद्दाम मुलगा म्हणत होते. घरातल्या बायकांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही. काय गं वहिनी, लागला होता का तुला पत्ता?"

"छे हो, वन्सं," दुलई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते, आणि ते सगळ्यांना भक्तीचे वाटले.

"हिचं नाव सनई!" आत्या म्हणाली. तिने पिल्लाच्या कानात 'कुर्रर्र' केले. त्यावर सनई आत्याच्या कानात त्याहून मोठ्याने ओरडली. बायका धपाटे घालायला धावल्या. दुलईने आपला धपाटा जरा जोरातच घातला, पण गर्दीत तो कोणाचा ते कळले नाही.

तिसरे पिल्लू लाजरे होते आणि आत्याने त्याला मुलगी ठरवले होते. बोट टेकवताच कोंब आला. पण आता आत्या सरावली होती. "बघा," ती म्हणाली, "याच्यावरही मीच पडदा टाकून ठेवला होता." सगळी वस्ती तिच्या दूरदृष्टीने थक्क झाली.

मग आत्या थांबेचना. जिथे जिथे आपण दृष्ट लागू नये म्हणून काही म्हणून ठेवले असेल, तिथला तिथला पडदा आता काढायचा, असे तिने जाहीर केले. लहानथोर सगळ्यांना रांगेने उताणे केले. मर्दानसिंग आपल्या तीन पिल्लांसह अलीकडे आला आणि दुलईच्या बिळात आईच्या पाठीला पाठ लावून पडून राहिला. पैलवान आले. लाजवंतीला मात्र पलीकडे पाठवावे लागले. जाताना ती इतकी रडली की अख्खी वस्ती हळहळली.

त्यानंतर दोन महिने गेले आणि पिल्ले व्हायची थांबली. गवत वाढले, हरणे परतली, राजाला गवताचा विसर पडला. दरबारात मोठा समारंभ झाला. एवढी अवघड गोष्ट कशाने साध्य झाली याचा राजाने नीट विचार केला आणि उत्तम कुंपणाबद्दल साळिंदररावांना शाल दिली. ती त्यांच्या अंगावर टाकताच तिला शेकडो भोके पडली, पण टाळ्या भरपूर झाल्या. मखमलआत्याला नारळ मिळाला. तो तिला फोडता आला नाही, म्हणून तिने तो घराच्या दर्शनी भागात ठेवला.

आता आत्या बेंबीबोटाचे वर्ग घेते. दूरदूरच्या वस्त्यांतून आत्या शिकायला येतात. ससे येतात, खारी येतात. दुलईही रोज जाते आणि शेवटच्या ओळीत बसते. परवा आत्याने तिला उभे करून सगळ्यांसमोर बोट टेकवून दाखवायला सांगितले. दुलईने दाखवले.

"नाही जमत, वहिनी, अजून तुला," आत्या मान हलवत म्हणाली. "उपजतच असावं लागतं ते."

"खरंय, वन्सं," दुलई म्हणाली आणि खाली बसली. सनई तिच्या अंगावर रेलून गवत खात होती, आणि आता तिला उचलून पलीकडे नेणारे कोणी नव्हते.

तात्पर्य: मुलांनो, खरी गोष्ट कोणाला कधी दाखवायला जाऊ नये. तिचा एक विधी करावा आणि त्याचा पहिला मान ज्याचे चुकले असेल त्यालाच द्यावा. कुंपण मात्र दरवर्षी उंच करत राहावे. त्याने काही होत नाही, पण शाल द्यायला कोणीतरी लागतेच.